फावडं कशाला उचललं?

शास्त्रज्ञाच्या मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: ‘या क्षेत्राकडे तुम्ही कसे वळलात?’ मीही तो कितीदा तरी विचारला आहे. उत्तरही साधारण ठरलेलं असतं. शाळेतल्या एखाद्या बाई, वडिलांनी वाढदिवसाला आणलेला सूक्ष्मदर्शक, आजीला जडलेला विस्मृतीचा आजार, बारावीच्या सुट्टीत हाती पडलेलं एक पुस्तक. मग परदेशी विद्यापीठाचं पत्र, दोन-तीन वर्षांची कडकी, एका रात्री अवचित जमून आलेला प्रयोग आणि शेवटी आजचं हे पद, हा पुरस्कार. वाचकाला बरं वाटतं, उपसंपादकाला मथळा मिळतो. अलीकडे मात्र समोर मेंदूवर काम करणारा माणूस बसला असेल तर हा प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळते. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाईल नव्हे, हे ज्यांच्या शास्त्रानं दाखवून दिलं त्यांच्याकडेच आपण फाईल मागतो. आणि गंमत अशी, की तेही ती निमूटपणे काढून देतात.

१९७०च्या दशकातला एक प्रयोग आहे. मायकेल गॅझॅनिगा आणि त्यांचा विद्यार्थी जोसेफ लेडू यांनी केलेला. फेफऱ्याचे झटके कशानंच आवरेनात, तेव्हा काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पूल शस्त्रक्रियेनं कापत असत. झटके कमी होत, माणूस वरकरणी पूर्वीसारखाच वागे-बोले. पण एका बाजूला काय दिसलं याची खबर दुसऱ्या बाजूला मिळेनाशी होई. पी. एस. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अशाच एका किशोरवयीन मुलाच्या डाव्या, म्हणजे बोलणाऱ्या, अर्धगोलाला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्या, मुक्या, अर्धगोलाला बर्फानं झाकलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं चित्र निवडायला सांगितलं. उजव्या हातानं त्यानं कोंबडी निवडली. डावा हात उजव्या अर्धगोलाच्या ताब्यात. त्यानं बर्फ उपसायचं फावडं निवडलं. का निवडलं म्हणून विचारल्यावर मुलानं क्षणभरही न थांबता सांगितलं: पंजा कोंबडीचा म्हणून कोंबडी, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की! बोलणाऱ्या अर्धगोलानं बर्फ पाहिलाच नव्हता. पण ‘माहीत नाही’ हे उत्तर त्याला सुचलं नाही.

हा मुलगा खोटं बोलत नव्हता, हे इथे महत्त्वाचं आहे. आपल्या हातानं फावडं निवडलं आहे हे त्याला दिसत होतं. ते का निवडलं याचं कारण त्यानं हाताशी असलेल्या सामग्रीतून, सद्भावनेनं, तत्काळ रचलं. गॅझॅनिगांनी डाव्या अर्धगोलातल्या या कारागिराला जे इंग्रजी नाव दिलं त्याला मराठीत ‘भाष्यकार’ म्हणावंसं वाटतं. ग्रंथ आधीच लिहून झालेला असतो. भाष्यकार त्यात संगती लावतो.

माझं म्हणणं असं, की ‘या क्षेत्राकडे कसे वळलात’ हा प्रश्न म्हणजे त्याच प्रयोगाची घरगुती आवृत्ती आहे. माणसाच्या हातात फावडं आहे: प्राध्यापकपद, प्रयोगशाळा, मानचिन्ह. ते का उचललं, असं आपण विचारतो. भाष्यकार पुढे सरसावतो.

पूल कापलेल्या मेंदूवरून धडधाकट माणसाबद्दल बोलणं ही उडी आहे, हे मला कळतं. म्हणून आठवणीबद्दलचं दुसरं काहीतरी पाहू. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२च्या आपल्या पुस्तकात नोंदवलेले प्रयोग साधेच होते. अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना द्यायची आणि काही दिवसांनी, काही महिन्यांनी ती पुन्हा सांगायला लावायची. दर खेपेला कथा थोडी अधिक इंग्रज होत गेली. डोंगी जाऊन नाव आली, सीलची शिकार जाऊन साधी मासेमारी आली, न कळलेले भाग गळून पडले. पुढे २००० साली करीम नादर, ग्लेन शेफ आणि तेच जोसेफ लेडू यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठरावीक आवाज झाला की विजेचा धक्का बसतो, हे उंदीर शिकला. दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवून ती आठवण जागी केली आणि लगेच मेंदूच्या विशिष्ट भागात प्रथिनं तयार होणं थांबवणारं औषध सोडलं. भीतीची ती आठवण पुढे टिकली नाही. आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर मात्र ती शाबूत राहिली. म्हणजे पक्की झालेली आठवण बाहेर काढली की काही काळ ती पुन्हा ओली होते; तिला नव्यानं वाळावं लागतं.

उंदराच्या भीतीवरून शास्त्रज्ञाच्या आत्मकथनाकडे सरळ रस्ता जात नाही. तरी सत्कारसमारंभात, दिवाळी अंकात, नव्या विद्यार्थ्यांसमोरच्या भाषणात पन्नासदा सांगितलेली हकिगत ही त्या माणसाची सर्वांत जास्त हाताळलेली आठवण असते. नाणं जितकं चालतं तितकं गुळगुळीत होतं.

या जातीच्या हकिगतींचा मुकुटमणी म्हणजे ऑटो लोवी यांचं स्वप्न. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे हे औषधशास्त्रज्ञ. एका रात्री त्यांना स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला, आणि सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदयं घेतली. पहिल्याचा व्हेगस मज्जातंतू उत्तेजित करून त्याचे ठोके मंदावले, त्याभोवतालचा द्रव दुसऱ्यावर सोडला आणि दुसरंही मंदावलं. मज्जातंतू आपला निरोप रसायनानं पोचवतात, याचा तो पुरावा होता. त्यासाठी १९३६ साली हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आता थोडं खरवडून पाहू. लोवींनी उतारवयात सांगितलेल्या हकिगतीत स्वप्नाचं साल १९२० आहे, शोधनिबंध १९२१चा. स्वप्नाची तारीख इतिहासकारांना नीट बसवता आलेली नाही. त्याहून मजेशीर गोष्ट लोवींनीच सांगितली आहे. १९०३ मध्येच, म्हणजे सतरा-अठरा वर्षं आधी, वॉल्टर फ्लेचर या मित्राशी बोलताना रासायनिक निरोपाची ही कल्पना त्यांनी मांडली होती आणि नंतर ते ती विसरून गेले होते. शिवाय प्रयोग इतरांना सहजी जमेना. १९२६ साली स्टॉकहोमच्या परिषदेत लोवींना तो सगळ्यांसमोर करून दाखवावा लागला. एकाच हृदयावर अठरा वेळा, असं ते लिहितात. ती अठरा आवर्तनं कुणाला आठवत नाहीत. मधल्या वर्षांत बेडकाची हृदयं काढून, द्रावणात टांगून, त्यांचे ठोके धूर चढवलेल्या कागदावर उतरवण्यात हात तयार होत गेला. तेही कुणाला आठवत नाही. तो हात नसता तर रात्री तीन वाजता पडलेल्या स्वप्नाचं सकाळी फक्त न लागणारं अक्षर उरलं असतं.

का आठवत नाही? इथे मला या शास्त्राच्या अगदी मुळाशी असलेली एक क्लृप्ती आठवते. १८७३ साली कामिल्लो गोल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून मेंदूच्या कापांना रंग देण्याची रीत काढली. तिचं वैशिष्ट्य असं, की हजारो पेशींपैकी अगदी मोजक्याच काळ्या होतात, पण होतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर काळ्या गिचमिडीखेरीज काही दिसलं नसतं. नेमक्या कुठल्या पेशीनं रंग धरावा, हे मात्र आधी सांगता येत नाही. मुलाखतीत आयुष्याचं असंच होतं. चार-दोन प्रसंग लख्ख काळे होतात आणि मागची फिकट पिवळी जागा रिकामी आहे असं वाटतं. ती रिकामी नसते, पेशींनी खच्चून भरलेली असते.

ही रीत खऱ्या अर्थानं राबवली सान्तियागो रामोन इ काहाल यांनी, आणि त्यांचं आत्मचरित्र या विषयावरचा उत्तम धडा आहे. त्यातला लोकप्रिय भाग सर्वांना ठाऊक असतो: चित्रकार व्हायचं वेड, शरीरशास्त्र शिकवणाऱ्या वडिलांचा विरोध, न्हाव्याकडे आणि चांभाराकडे केलेली उमेदवारी, आणि मग तीच चित्रकला मज्जापेशींच्या अप्रतिम रेखाटनांत कशी फळाला आली. छान जुळतं. खुराड्याला फावडं जुळतं तितकंच छान. चित्रकार व्हायची इच्छा असलेलं आणि बापानं डॉक्टर केलेलं पोर म्हणजे त्या काळी स्पेनमध्ये एकटे काहालच नव्हते.

मला मात्र त्या पुस्तकाचे कंटाळवाणे समजले जाणारे भाग मोलाचे वाटतात. १८८७ साली माद्रिदला लुइस सिमारो यांच्याकडे गोल्जीच्या रीतीचे काप त्यांनी प्रथम पाहिले. रीत बेभरवशाची म्हणून बाकीच्यांनी ती सोडून दिली होती. काहालनी दोन गोष्टी केल्या. कापांना एकदाऐवजी दोनदा रंग चढवला, आणि प्रौढ मेंदू सोडून भ्रूणांचे, नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचे मेंदू घेतले. कारण तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढलं की रंग नीट बसत नाही. १८८८ मध्ये बार्सिलोनाला निष्कर्ष छापायला कुणी नव्हतं, म्हणून पदरचे पैसे घालून स्वतःचंच त्रैमासिक काढलं. १८८९ साली बर्लिनच्या सभेत आपले काप मांडून बसले, आणि म्हाताऱ्या ऊतिशास्त्रज्ञ क्योलिकरना अक्षरशः धरून आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी आणलं. दोनदा रंग, कोवळा मेंदू, स्वतःच्या खिशातला छपाईखर्च, भाषा येत नसताना केलेली ओढाताण. यातलं एकही चित्रकलेच्या वेडातून निघत नाही, आणि यातलं प्रत्येक आजच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल.

(१९०६चं नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळालं. गोल्जींनी आपल्या भाषणात काहालच्या सिद्धान्तावर तोफ डागली. दोघांनी एकच रंग वापरला, एकाला सलग जाळं दिसलं, दुसऱ्याला सुट्या पेशी.)

रंग न धरलेल्या पेशींचा मुद्दा रिटा लेवी-मोन्ताल्चिनी यांच्याबाबतीत अधिक बोचरा होतो. १९३८च्या वंशकायद्यांनी इटलीतल्या ज्यूंना विद्यापीठांतून बाहेर काढलं. तुरीनला राहत्या घरात, झोपायच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली, शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या भ्रूणांवर काम चालू ठेवलं. व्हिक्टर हॅम्बर्गर यांचा निबंध त्यांनी गुरं वाहून नेणाऱ्या आगगाडीच्या डब्यात बसून वाचला. युद्धानंतर त्याच हॅम्बर्गरनी त्यांना सेंट लुईला बोलावलं. एका सत्रासाठी गेल्या आणि तीसेक वर्षं राहिल्या. मज्जातंतू वाढवणाऱ्या द्रव्याच्या शोधासाठी १९८६ साली त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत नोबेल मिळालं. आपला छळ झाला नसता तर हे घडलंच नसतं, असं त्या पुढे सांगत. हे वाक्य मुलाखतींतून फार आवडीनं उद्धृत होतं. त्यांना ते म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. आपल्याला ते टाळ्या वाजवून पुढे पाठवण्याचा नाही. त्याच कायद्यानं ज्यांना बाहेर काढलं, ज्यांच्या घरात रिकामी खोली नव्हती, ज्यांच्या गाडीचा डबा दुसरीकडे गेला, त्यांची मुलाखत कुणी घेतली नाही. आणि १९५२ साली ज्यांच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करायला रिटा दोन उंदीर सोबत घेऊन रिओला गेल्या, त्या हेर्ता मायर. किंवा नोबेलच्या यादीत नाव न आलेले हॅम्बर्गर. छळ हा प्रतिभेचा खतपुरवठा आहे असं वाचकाच्या मनात रुजवणं हे मला अप्रामाणिक तर वाटतंच, शिवाय धोक्याचंही वाटतं. आपल्याकडे तर ‘प्रतिकूल परिस्थितीतून’ हा शब्दप्रयोग इतका गोड लागतो, की परिस्थिती प्रतिकूल कुणी ठेवली हे विचारायचं राहूनच जातं.

आपल्याकडचं म्हणायचं तर कुलाब्याला, समुद्राकाठी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शास्त्राची एक जुनी शाखा आहे. होमी भाभांच्या आमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी १९६२ साली तिथे रेणूजीवशास्त्राचा विभाग उभारायला आले, आणि पुढे फळमाशीचे मज्जातंतू, तिचा वास आणि चव यांकडे वळले. त्यांच्याबद्दल हटकून सांगतात ती गोष्ट गारपिटीची: तरुणपणी दिल्लीला गव्हावर प्रयोग करत असताना गारांनी पीक झोपवलं, म्हणून ते ग्लासगोला जाऊन सूक्ष्मजीवांच्या आनुवंशिकीकडे वळले. गारा पडल्या असतील. पण गारपिटीनं गहू सोडलेले शेतकरी आणि विद्यार्थी पुष्कळ. त्यातला प्रत्येकजण ग्लासगोला पोचत नाही. पुढे व्हेरॉनिका रॉड्रिग्ज, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या आणि केनयात जन्मलेल्या, डब्लिनमध्ये शिकत असताना पत्र लिहून त्यांच्याकडे आल्या. माशीला वास कसा कळतो, या प्रश्नावर त्यांनी आयुष्य घातलं. या कामात माश्यांच्या प्रत्येक वाणाला दर काही आठवड्यांनी नव्या अन्नाच्या बाटलीत हलवावं लागतं, सणवार असो की संप. वर्षानुवर्षं ते करणारे हात, आणि लगेच फळ न मागता पगार देत राहणारी संस्था, यांची गोष्ट गारपिटीइतकी रंगत नाही.

त्याच संस्थेत शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या भ्रूणावर केलेलं काम मला या सगळ्या वादाचं उत्तर वाटतं, जरी ते त्यासाठी केलेलं नाही. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आठवणी घडवण्यासाठी लागतो. मेंदू घडताना तो नेमका तिथेच का होतो? २००८ साली ‘सायन्स’मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, की एलएचएक्स-२ नावाचं जनुक ठरावीक काळात काही पेशींमधून काढून टाकलं तर त्या पेशी ‘हेम’ नावाच्या काठाच्या पेशींसारख्या बनतात. आणि त्यांच्या शेजारी असलेल्या, ज्यांचं जनुक शाबूत आहे अशा पेशी हिप्पोकॅम्पस व्हायला लागतात. एका भ्रूणात असे तुकडे अनेक ठिकाणी केले तर अनेक ठिकाणी हिप्पोकॅम्पस उगवतात. म्हणजे ‘तू हिप्पोकॅम्पसची पेशी कशी झालीस’ याचं उत्तर त्या पेशीच्या बालपणीच्या ओढीत नाही, शेजारात आणि वेळेत आहे. योग्य वेळ टळून गेल्यावर तोच बदल केला तर ते घडत नाही.

टोळे मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजात शिकल्या, मग कॅलटेक, शिकागो आणि १९९९च्या सुमारास कुलाबा. सिरोटोनिन, लहानपणीचा ताण आणि नैराश्य यांवर काम करणाऱ्या विदिता वैद्य याही झेव्हियर्सच्याच. मग येल, स्टॉकहोम, ऑक्सफर्ड आणि २००० साली तेच कुलाबा. दोघींच्या प्रेरणा वेगळ्या असतील, घरं वेगळी, स्वभाव वेगळे. शेजार मात्र एकच: एका कॉलेजातला जीवशास्त्राचा एक विभाग, तिथून अमेरिकेला जाणारी मळलेली पायवाट, आणि परतल्यावर स्वतःची प्रयोगशाळा उघडून देणारी संस्था. काही जिल्ह्यांतूनच मेंदूचे शास्त्रज्ञ का येतात आणि बाकीच्यांतून का येत नाहीत, हा प्रश्न प्रेरणेच्या गोष्टींनी सुटत नाही. शेजार कुठे आहे ते पाहिलं तर निदान मांडता तरी येतो.

मग मुलाखती घ्यायच्याच नाहीत का? एका मैत्रिणीनं मला हे थोड्या रागानंच विचारलं. तिचं म्हणणं, तालुक्याच्या गावात अकरावीत असलेल्या मुलीला ‘शास्त्रज्ञ बाई’ नावाचा प्राणी असतो हे कळायला तरी गोष्ट लागते. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी २००८ साली संपादित केलेल्या ‘लीलावतीज डॉटर्स’मध्ये भारतातल्या जवळपास शंभर स्त्री-शास्त्रज्ञांची कथनं आहेत; असं पुस्तक नसतं तर तेवढंही नसतं. मला हे मान्य आहे. गोष्टीशिवाय माणूस पुढे पाऊल टाकत नाही. पण त्या मुलीला सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगितली तर ती एवढंच शिकेल, की आपल्याला कुणी सूक्ष्मदर्शक दिला नाही. आतून ओढ लागलेली नसताना केवळ प्रवेश मिळाला म्हणून जीवशास्त्राला आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना वाटतं आपण इथे चुकून आलो. काहालला त्याच्या बापानं ढकललं होतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

एरिक कॅण्डेल यांची हकिगत मला म्हणूनच आवडते. हार्वर्डला इतिहास-साहित्य शिकलेला हा माणूस मनोविश्लेषक व्हायचं ठरवून कोलंबियाच्या हॅरी ग्रुंडफेस्ट यांच्याकडे गेला आणि म्हणाला, फ्रॉइडचे इगो, इड, सुपरइगो मेंदूत कुठे बसतात ते मला शोधायचंय. ग्रुंडफेस्टनी त्याला एकेका पेशीकडे वळवलं. पुढे समुद्री गोगलगाईवरच्या कामासाठी २००० साली नोबेल मिळालं. यात फजिती आहे, दुसऱ्याचं शहाणपण आहे, आणि सुरुवातीचा प्रश्न सोडून द्यावा लागला याची कबुली आहे.

हल्ली मी पहिला प्रश्न बदलला आहे. ‘गेल्या मंगळवारी काय केलंत?’ असं विचारते. भाष्यकाराला मंगळवारची तयारी नसते. एका संशोधक बाईंनी आधी हसून नकार दिला, मग सांगत सुटल्या. सकाळी उंदरांच्या खोलीत तीन पिंजऱ्यांत पिल्लं झालेली, त्यांची नोंद. परदेशातून कोरड्या बर्फात निघालेलं अँटिबॉडीचं पार्सल विमानतळावर अडकलेलं, बर्फ उडून गेला असेल ही धाकधूक. नवीन मागवायची तर पुन्हा तीन कोटेशनं. दुपारी एका विद्यार्थ्याच्या आलेखात सगळं इतकं छान आलं होतं की त्यांना संशय आला, आणि त्यांनी त्याला कुठल्या पिंजऱ्यात कुठला उंदीर हे न कळता पुन्हा मोजायला बसवलं. शिष्यवृत्ती चार महिने न आलेल्या दुसऱ्या विद्यार्थिनीला हातउसने पैसे दिले. सहा वाजता मुलाला पाळणाघरातून आणलं. रात्री फ्रीजरचा अलार्म वाजल्याचा फोन. मी विचारलं, या सगळ्यात मेंदू कुठे होता? त्या म्हणाल्या, पुन्हा मोजायला बसवलं ना, तिथे.

मॉन्ट्रिअलच्या ब्रेंडा मिल्नर १९५०च्या दशकात रात्रीच्या गाडीनं हार्टफर्डला जात, हेन्री मोलेसन या रुग्णाला तपासायला. १९५३ साली फेफऱ्यावर उपाय म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला होता. तेव्हापासून नवं काहीही त्याच्या लक्षात राहत नसे. मिल्नरनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. रोज दहा वेळा, तीन दिवस. आरशात हात उलटा दिसतो, पहिल्या दिवशी रेघ सारखी बाहेर जाई. तिसऱ्या दिवशी चांदणी जवळपास निर्दोष आली. आपण हे आधी कधी केलंय हे हेन्रीला ठाऊक नव्हतं. जितकं अवघड वाटलं होतं तितकं नाही हे, असं काहीसं तो नवलानं म्हणाला, आणि मिल्नरनी कागदावर तिसाव्या फेरीतल्या चुका मांडून ठेवल्या.